बेसींच्या ऑर्केस्ट्रातील चार माणसे

जॅझचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकट्याने वाजवणारा सॅक्सोफोनवादक किंवा ट्रम्पेटवादक उभा राहतो. मला मात्र या संगीतातली सर्वांत मोलाची गोष्ट त्या सोलोच्या पाठीमागे घडते असे वाटते, आणि ती जिथे लख्ख ऐकू येते असा वाद्यवृंद म्हणजे अमेरिकन पियानोवादक काउंट बेसी यांचा ऑर्केस्ट्रा.

कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधून होणारे या वाद्यवृंदाचे रेडिओप्रसारण १९३६ मध्ये ध्वनिमुद्रिका-निर्माते जॉन हॅमंड यांच्या कानावर पडले आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे तो न्यूयॉर्कला आला. १९३७ मध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन रुजू झाले. पियानोवर स्वतः बेसी, डबल बेसवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि गिटारवर ग्रीन असा चौघांचा रिदम सेक्शन, म्हणजे लय सांभाळणारा गट, त्यामुळे पूर्ण झाला.

या चौघांनी काय वाजवले यापेक्षा काय सोडले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यापूर्वीचे अनेक ड्रमवादक पायाखालच्या मोठ्या ड्रमवर ठोके देऊन लय सांभाळत असत. जोन्स यांनी ती लय हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या जोडझांजांवर नेली आणि मोठा ड्रम इतका हलका केला की त्याचा ठोका वेगळा असा ऐकूच येऊ नये. त्यामुळे खालच्या पट्टीत जागा मोकळी झाली आणि पेज यांचा बेस चारही मात्रांवर एकेक स्वर घेत सलग चालत राहिला, तरी झाकला गेला नाही. ग्रीन विजेच्या मदतीशिवाय त्याच चार मात्रांवर गिटार छेडत. त्यांची कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरसमूह, तीन स्वरांची, कित्येकदा त्याहूनही कमी स्वरांची असे, कारण उरलेले स्वर बेस आणि पियानोकडे होतेच. बेसी तर न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या ज्या पियानोशैलीत घडले होते, तिच्यात डावा हात अखंड लय धरतो. परंतु शेजारी तिघे लय धरून आहेत म्हटल्यावर त्यांनी डाव्या हाताचे बरेचसे काम काढून टाकले आणि नेमक्या जागी दोन-तीन स्वर टाकण्याइतकेच स्वतःकडे ठेवले. ही काटकसर मला सोलोतल्या कोणत्याही चमत्कृतीपेक्षा श्रेष्ठ वाटते, कारण इतरांना बारकाईने ऐकल्याशिवाय ती साधतच नाही. ख्यालात ठेका धरून बसलेल्या तबलजीचे मोल आपण जाणतो. इथे तो ठेका चौघांत वाटलेला आहे.

१९३७ मध्येच ध्वनिमुद्रित झालेले ‘वन ओ’क्लॉक जंप’ ऐकावे. ब्लूजच्या बारा बारच्या, म्हणजे बारा आवर्तनखंडांच्या, साच्यावर उभी असलेली ही रचना वाजवता वाजवताच घडत गेलेली होती. हर्शेल इव्हान्स आणि लेस्टर यंग या अगदी भिन्न प्रकृतीच्या दोन टेनर सॅक्सोफोनवादकांचे सोलो तिच्यात आहेत. इव्हान्स यांचा स्वर भरदार, तर यंग यांचा हलका आणि तरंगता. मागे इतर वाद्ये छोटे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे स्वरतुकडे, वाजवत राहतात, पण सोलोवर कुरघोडी करत नाहीत. शेवटी सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट आपापले निराळे रिफ एकाच वेळी वाजवतात, आणि तरीही तिन्ही सुटे ऐकू येतात ते खालच्या त्या चौघांमुळे.

पुढे पेज ऑर्केस्ट्रा सोडून गेले, जोन्सही गेले. ग्रीन मात्र मधला थोडा काळ वगळता अखेरपर्यंत राहिले. १९८४ मध्ये बेसी वारले, तरी १९८७ मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत ग्रीन या ऑर्केस्ट्रातच वाजवत होते. जवळजवळ पन्नास वर्षांच्या या कारकिर्दीत त्यांनी सोलो क्वचितच घेतला. त्यांना उपेक्षित म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण सारा ऑर्केस्ट्रा ज्यांच्या हातावर चालला त्यांना तो शब्द शोभत नाही.

त्यांचे सामर्थ्य मला सर्वाधिक जाणवते ते १९५७ मधील ‘लिल डार्लिन’मध्ये. संगीतकार नील हेफ्टी यांनी ही रचना बऱ्याच जलद लयीत कल्पिली होती. ती इतकी संथ केली बेसींनी. एवढ्या विलंबित गतीत एखाद्याने जराशी घाई केली तरी सगळी इमारत डगमगावी. फुंकवाद्यांचा सगळा ताफा मात्रेच्या किंचित मागे राहून एका श्वासात उतरतो, आणि त्यांना असे मागे रेंगाळता येते, कारण ग्रीन प्रत्येक मात्रा जिथल्या तिथे ठेवतात.