गॅस गीझर की इलेक्ट्रिक?

आज नव्या फ्लॅटचे पॉइंट ठरवताना दिवसभर हाच वाद. बाथरूमला लागून ड्राय बाल्कनी असेल तरच गॅसचा विचार करा. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको म्हणजे नकोच, खिडकी असली तरी. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. पाइप गॅस येणार असेल तर त्याच गॅसचं मॉडेल घ्या, सिलिंडरवाल्याचे जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे असतात. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर असेल तर दाब कमी पडून गीझर पेटतच नाही. (आधी ठिणगी पाडणारे गीझरचे सेल बदलून बघा, बहुतेकदा तेच संपलेले असतात!)

इलेक्ट्रिकमध्ये १५ लिटरची टाकी २ किलोवॅटवर २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत साधारण १६ मिनिटांत जाते, वीज अर्धा युनिट. त्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट, ४ स्क्वेअर एमएमची वायर, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतो. अॅनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी दांडी) दरवर्षी उघडून बघावा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट (लगेच पाणी तापवणारा छोटा गीझर) स्वयंपाकघराच्या सिंकपुरता ठीक.