असाच्या असा आणखी एक

गॅलरीत रबरं बांधून रंगवलेला टी-शर्ट कुणी पैसे देऊन नेला की भारी वाटतं. आठवड्याने त्याच माणसाचा मेसेज येतो, "ताई, असाच्या असा आणखी सहा पाहिजेत, भाचीच्या बड्डेला." इथे पोटात गोळा येतो. हौसेत प्रत्येक कपडा वेगळा निघतो हीच मजा असते. गिऱ्हाइकाला वेगळेपण आवडतं, पण सहाच्या सहा सारखं.

सारखेपणा कापडापासून सुरू होतो. नागपूरच्या गांधीबागेत, म्हणजे कापडाच्या बाजारात, ठोक भावाने कोरे टी-शर्ट घेताना 'प्युअर कॉटन' या शब्दांवर विसंबू नये. शिवणीच्या आतून चार धागे काढून जाळावेत. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, आणि ते सुताचा रंग घेतच नाही. कापड निम्मं-निम्मं असेल तर लाल मागितल्यावर फिकट गुलाबी मिळतो. सुती असलं तरी त्यात खळ असतेच. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या गावात खळ म्हणजे काय हे सांगायला नको, तरी ती न काढताच रंगवायला बसणारे बरेच. मग कपड्यावर फिके चट्टे उठतात आणि रंगाच्या दुकानदाराला शिव्या बसतात. गरम पाण्यात थोडा सोडा आणि साबण घालून एकदा खळखळून धुतलं की झालं.

रंग घेताना 'कोल्ड ब्रँड' रिअॅक्टिव्हच मागायचा, म्हणजे न उकळता सुताशी जुळणारा. शेजारच्या डब्यात 'हॉट ब्रँड' असतो. दिसायला भुकटी तशीच, पण त्याला चांगली उष्णता लागते. तो घेऊन घरी आलात तर पहिल्याच धुण्यात सगळा रंग मोरीत. २५० मिलिलिटर पाण्याला ८ ते १० ग्रॅम रंग पुरतो, काळ्याला दुप्पट. त्यात १५ ग्रॅम युरिया घालावा. तो केमिकलच्या दुकानातला हवा. शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. भुकटी कालवताना तोंडाला मास्क हवाच, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला नको.

रंग सुताला धरायला सोडा लागतो, पण तो बाटलीतल्या रंगात घालायचा नाही, कापडाला पाजायचा. लिटरला ५० ते ६० ग्रॅम सोडा अॅश (धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी) घालून कपडा त्यात २० मिनिटं बुडवायचा आणि घट्ट पिळून बांधायचा. सोडा रंगातच घातला तर रंग सुतापेक्षा पाण्याशीच जुळतो आणि तासाभरात निकामी होतो. खडेसोडा वापरणाऱ्यांची वेगळीच गंमत. त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं, म्हणजे ५० ग्रॅम मोजून घातला तरी कामाचा सोडा २० ग्रॅमही नसतो.

आता नागपूरचं ऊन. पारा ४५ च्या पुढे गेला की रंग पटापट बसेल असं वाटतं, आणि बसतोही, पण कपडा ओला असेपर्यंतच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गच्चीवर उघडा ठेवलेला टी-शर्ट अर्ध्या तासात पापडासारखा वाळतो. वाळला की काम थांबलं, वरचा रंग नुसता चिकटलेला राहतो. म्हणून रंग लावला की लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवायचा. बाटलीतला युरियाही ओल धरून ठेवायलाच असतो. उन्हाळ्यात सहा-आठ तास पुरतात. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा पूर्ण २४ तास द्यायचे आणि पिशव्या घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवायच्या. उन्हाळ्यातली ऑर्डर आणि थंडीतली ऑर्डर एकाच मापाने केली तर दोन्ही एकाच दुकानातल्या वाटत नाहीत.

संत्रानगरीत संत्रा रंग टाळून चालत नाही. मागणी असते ती संत्र्याशेजारी निळ्याची, आणि ते दोन जिथे भेटतात तिथे गढूळ तपकिरी चिखल होतो. मध्ये बोटभर पट्टी पिवळी ठेवावी. पिवळ्यात निळा मिसळला तर निदान हिरवा होतो.

धुणं हा या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि नाव राहतं किंवा जातं ते इथेच. रबरं न सोडता आधी गार पाण्याखाली धरायचं, सोडा निघेपर्यंत. मग रबरं सोडून पुन्हा गार पाणी, आणि शेवटी साबण घालून चांगलं कढत पाणी. गार पाण्याची घाई केली तर सुटलेला रंग पांढऱ्या जागांवर जाऊन बसतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्यात करावं.

आता ती सहाची ऑर्डर. वहीत कपड्याचं वजन, रंगाचे ग्रॅम, घडीची रुंदी, रबरांची संख्या, किती तास ठेवला ते आणि त्या दिवसाचं तापमान लिहून ठेवलेलं असेल तर सहा टी-शर्ट भावंडांसारखे निघतात. जुळे निघणार नाहीत, हे ऑर्डर घेतानाच सांगून टाकावं. किंमत सांगताना मात्र बहुतेकांची जीभ अडते. समजा कोरा टी-शर्ट १४० चा, रंग-सोडा-साबण ३० चा, रबरं आणि पिशवी १० ची, म्हणजे १८० झाले. बांधणं, रंगवणं, धुणं, इस्त्री यात पाऊण तास जातो. तासाला १०० रुपये धरले तरी ७५ वाढतात. दहात एक बिघडतोच, त्याचाही भार धरला की २८३ रुपये होतात, आणि अजून नफा यायचाच आहे. 'मैत्रीत २०० ला दे' म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवायला हरकत नाही.

प्रत्येक कपड्यासोबत छोटं कार्ड द्यावं: पहिली तीन धुणी वेगळी, वाळवायचं सावलीत. त्याच कार्डावर एक ओळ आणखी हवी. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो, म्हणून तो पांढराच राहिला आहे.