तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रॉडकास्टला नेमकी कोणती माणसं कमी पडतात?

‘आयटी शिकलेली एवढी मुलं बाहेर पडतात, मग ब्रॉडकास्टच्या तांत्रिक विभागात जागा रिकाम्या का?’ हा प्रश्न वारंवार येतो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे कमी पडतो तो सिग्नल आणि नेटवर्क दोन्ही कळणारा माणूस. एसडीआयमध्ये, म्हणजे केबलमधून थेट व्हिडिओ नेण्याच्या जुन्या पद्धतीत, एक केबल म्हणजे एक चित्र. चित्र गेलं की बीएनसी (केबलच्या टोकाचा कनेक्टर) काढून एकेक उपकरण तपासत मागे जायचं, दोष सापडायचा. २०१७ पासून एसएमपीटीई २११० ची (आयपी नेटवर्कवरून चित्र-आवाज नेण्याची) मानकं येऊ लागली आणि चित्र, आवाज, डेटा सुटे होऊन नेटवर्क स्विचमधून मल्टिकास्टने (एकाने पाठवायचं, मागतील त्या सगळ्यांना मिळायचं) फिरू लागले. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा मागवता येतं. इथे तेवढा वेळच नसतो. १०८०पी५० चं (फुल एचडी, सेकंदाला ५० फ्रेम) एक चित्र सेकंदाला दोन गिगाबिटच्या वर जातं, त्यामुळे दहा गिगाबिटच्या पोर्टवर चारच मावतात. पाचवं घुसवलं तर आधीची चारही फाटू लागतात.

नवख्याला सगळ्यात जास्त छळणारा दोष असा: चित्र येतं, चारेक मिनिटं झकास चालतं आणि गायब होतं. पुन्हा जोडलं की परत येतं, म्हणून सगळे रिसीव्हरवर संशय घेतात आणि तो बदलतातही. खरं कारण स्विचमध्ये असतं. आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कोणतं चित्र हवंय याची यादी स्विचने ठेवणं) चालू आहे, पण त्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या त्या स्वतंत्र भागावर) क्वेरिअर, म्हणजे ठरावीक वेळाने विचारणा करणारा, नाही. ‘हे अजून कुणाला हवंय का?’ असं कुणी विचारतच नाही, त्यामुळे यादीतली नोंद शिळी होऊन पुसली जाते. ठरलेली मुदत २६० सेकंद: विचारणेचे १२५ सेकंदांचे दोन फेरे आणि उत्तरासाठी १०. हा आकडा ठाऊक असलेला माणूस घड्याळ बघूनच रोगाचं निदान करतो.

दुसरी खोड पीटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीची. व्हिडिओची उपकरणं मुळात डोमेन (घड्याळाचा गट) १२७ वर, एईएस६७ ची (नेटवर्कवरच्या आवाजाचं मानक) ऑडिओ उपकरणं ० वर. कुणी जुळवलं नाही, तर मिक्सर आपल्याच घड्याळावर चालतो आणि आवाजात अधूनमधून टिचक्या येतात.

हे स्लाइड दाखवून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. दोन स्विच, एक ग्रँडमास्टर (मुख्य घड्याळ), दोन गेटवे (एसडीआय आणि नेटवर्क यांच्यातला दुवा) आणि वायरशार्क (पॅकेट तपासण्याचं सॉफ्टवेअर) असलेला लॅपटॉप, एवढ्यावर सरावाची खोली उभी राहते. शिकवणाऱ्याने गुपचूप एकच दोष घालावा. शिकणाऱ्याने कशालाही हात लावण्याआधी दोन ओळी लिहाव्यात: संशय कशावर आणि तो कोणत्या तपासणीने सिद्ध होईल. मग २०२२-७ चे (तोच सिग्नल दोन वाटांनी पाठवण्याचं मानक) दोन मार्ग लावून एक फायबर उपटायला सांगा; चित्र हललं नाही तरच जोडणी पास. पुष्कळदा दोन्ही मार्ग एकाच स्विचमधून गेलेले निघतात!

ट्रान्समीटरची बाजू याहून हळवी, कारण ते ज्ञान निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसांकडे आहे. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते याचं माप) १.५ म्हणजे चार टक्के शक्ती परत येते, २ म्हणजे अकरा, हे पुस्तकात मिळतं. कपाट उघडल्यावर अर्थिंगच्या काठीने कपॅसिटर रिकामा करण्याची सवय मात्र शेजारी उभं राहूनच लागते. म्हणून जाणाऱ्या माणसासोबत नव्याला देखभालीचं एक पूर्ण वर्ष द्यावं आणि सगळं ठीक असतानाची मीटर-रीडिंग त्याच्याच हातून वहीत लिहून घ्यावीत.