काळ्या ट्यूबशिवाय काळा दगड

वेळापत्रकात चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदाच असायचा, पण आमचा खरा तास रविवारी सकाळी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर भरायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली आम्ही मुलं पॅड, रंगपेटी आणि पाण्याचा डबा घेऊन चित्रकलेच्या सरांच्या मागोमाग निघायचो. घाटावर पोचलं की सर आधी सगळ्यांच्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून घेत आणि झोळीत टाकत. ती परत मिळायची सोमवारी, शाळेत.

समोर बघावं तर सगळा काळा दगड! पायऱ्या, दीपमाळा, नदीकाठची लहान लहान देवळं. "काळा कुठं दिसतोय पोरींनो? नीट बघा की जरा," सर म्हणायचे. बघत बसलं की खरंच दिसायला लागायचं. उन्हाकडची बाजू राखाडी, सावलीतली निळसर जांभळी, पाण्यालगतची पायरी शेवाळाने हिरवट. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस रंग ओल्या कागदावरच एकमेकांत सोडायचे, ब्रशने घोटायचे नाहीत, ही सरांची शिकवण. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत बसतात, तांबूस छटा मधून डोकावत राहते आणि वाळलेल्या वॉशला, म्हणजे रंगाच्या पातळ थराला, आपोआप दगडाचा खरखरीतपणा येतो. आज इतक्या वर्षांनीही मी कोल्हापूरचा दगड असाच रंगवते. माझ्या रंगपेटीत काळी ट्यूब नसते.

आबालाल रहिमान हे नाव मी पहिल्यांदा सरांच्याच तोंडून ऐकलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार कोल्हापुरात परतला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार झाला आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच रंगवत राहिला. १९३१ साली ते गेले. त्यांनी आपली असंख्य चित्रं पाण्यात सोडून दिली, असं गावात सांगतात. ते ऐकून वर्गात कोणी बोललं नव्हतं. इथेच जन्मलेले आणि पुढे जे. जे.मध्ये वर्षानुवर्षे शिकवणारे चित्रकार म. वि. धुरंधर, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करणारे बाबूराव पेंटर, ही सगळी आपल्याच पेठांतून चालत गेलेली माणसं आहेत, हे त्या वयात कळणं फार मोलाचं होतं. चित्रकार व्हायला आधी गाव सोडावं लागतं, असं मला कधीच वाटलं नाही.

सर आम्हाला टाउन हॉलच्या संग्रहालयातही न्यायचे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६च्या सुमारास झालेल्या उत्खननात सापडलेली पॉसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती तिथे आहे. ग्रीकांचा समुद्रदेव आपल्या नदीकाठी, तोही समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी चाललेल्या व्यापारातून तो इथवर आला. त्या दिवसापासून ब्रह्मपुरी मला नुसती टेकडी दिसली नाही. तिचं चित्र काढताना मी खालचा थर जाड आणि गढूळ ठेवते. मातीच्या पोटात माणसांची वस्ती आहे, हे रंगातून जाणवावं असं मला वाटतं.

आणि पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. दीपमाळा दिसेनाशा झाल्या, घरं, दुकानं बुडाली. त्या दिवसांत ब्रश हातात धरवेना. पाणी ओसरल्यावर मात्र भिंतींवर राहिलेली गाळाची आडवी रेघ मी गल्लोगल्ली फिरून रंगवली. त्या चित्रांसाठी बाजारचा रंग पुरला नाही, म्हणून घाटावरचाच गाळ वाळवून, वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात खलून वापरला. माझ्या सगळ्या कामात ही मालिका मला सर्वांत जवळची आहे.

सर आता नाहीत. शाळेच्या या महोत्सवानिमित्त त्या मालिकेतलं घाटाचं चित्र मी शाळेला देते आहे. ते चित्रकलेच्या खोलीतच लावावं, कार्यालयात नको, एवढी विनंती. आणि आत्ता एलिमेंटरीला बसलेल्या मुलामुलींना सांगते: रविवारी सकाळी मी घाटावर असते. कागद, पॅड माझ्याकडे आहेत. काळी ट्यूब तेवढी घरी ठेवून या.