तुम्ही विचारलंत म्हणून: लोणारच्या पाण्यातून काय निघालं?

लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेले की विवराच्या काठावर चहा घेताना कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इतकी वर्षं बाटल्या भरून नेताय, निघालं का त्यातून काही?" दर वेळी बस सुटायच्या घाईत अर्धंच उत्तर देते. आज पूर्ण देते.

धुण्यापासून सुरुवात करू. वरणाच्या, दुधाच्या, रक्ताच्या डागात प्रथिनं असतात. ती तोडायला धुण्याच्या पावडरीत प्रोटिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, घालतात. पण पावडर कालवलेलं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 10 च्या घरात (7 म्हणजे ना आम्ल, ना अल्क). बहुतेक विकरं तिथं तग धरत नाहीत. लोणारच्या पाण्याचा पीएचही साधारण तेवढाच. बोट बुडवलं तर धुण्याच्या सोड्यासारखं बुळबुळीत लागतं. अकबराच्या काळातल्या नोंदींतही या भागात साबणाला आणि काचेला लागणारा माल मिळतो असं म्हटलंय. तेव्हा खार नेत होते, आम्ही त्या खारात राहणारे जिवाणू नेतो.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. हे जिवाणू पेशीच्या आत पीएच 10 होऊच देत नाहीत. आतलं वातावरण ते धडपड करून सौम्य राखतात, त्यामुळे आतल्या विकरांना खाराची झळ फारशी लागत नाही. अन्न पचवायला जे विकर बाहेर पाण्यात सोडतात, त्याच्या डोक्यावर मात्र छप्पर नसतं. ते उघड्यावर टिकलं तरच जिवाणूचं पोट भरतं. आम्हाला हवं असतं ते हे बाहेरचं विकर.

ते शोधायची रीत साधी आहे. साय काढलेलं दूध घातलेल्या अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, पांढरट प्लेटा करायच्या. सोडा वेगळा निर्जंतुक करून मग मिसळायचा, एकत्र तापवला तर माध्यम बिघडतं. त्यावर तळ्याचं पाणी पसरायचं. दोन-तीन दिवसांनी एखाद्या कॉलनीभोवती, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्याभोवती, काचेसारखं स्वच्छ कडं दिसतं, म्हणजे तिथलं दुधाचं प्रथिन पचलं. पहिलं कडं दिसलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत प्लेट दिव्यासमोर धरून बसले होते.

त्याच जिवाणूचं विकर पुढं खऱ्या पावडरीच्या पाण्यात घातलं, तर तासाभरात मंदावलं. सोडा त्याला सोसला होता. पण पाण्याचा जडपणा घालवायला पावडरीत जे पदार्थ असतात, ते कॅल्शियम ओढून घेतात आणि अशा प्रोटिएजच्या रेणूची घडी बऱ्याचदा कॅल्शियमच्याच आधारावर उभी असते. शिवाय ब्लीच विकराला जाळतं ते वेगळंच. तळ्यात ब्लीच नाही, म्हणून तिथल्या जिवाणूला त्याची सवयही नाही. ती नळी अजून आमच्या उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे. तेव्हा माझ्यापुरतं उत्तर: बाजारात जाईल असं अजून काही निघालेलं नाही.

पण हा रस्ता पोचतो, हे जपानमध्ये दिसलंय. कोकी होरिकोशी या शास्त्रज्ञांनी 1968 च्या सुमारास अल्कधर्मी माध्यमात जिवाणू वाढवायला सुरुवात केली. त्या वाटेवर मिळालेलं अल्कधर्मी सेल्युलेज, म्हणजे कापसाच्या धाग्यातलं सेल्युलोज तोडणारं विकर, 1987 मध्ये काओ कंपनीच्या धुण्याच्या पावडरीत आलं. मध्ये जवळजवळ वीस वर्षं गेली. आणि असे जिवाणू साध्या मातीतही सापडतात. मग लोणारच का? मातीत ते तुरळक असतात, इथं पिढ्यान् पिढ्या खारातच राहिलेली त्यांची अख्खी वस्ती आहे. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेही अशाच वस्तीमुळं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव निघाले.

काठावर विचारणाऱ्यांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, निघालं तर आमचं काय? तो हक्काचा आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूच्या विकरावर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, उभं राहिलं. पीसीआरचे हक्क 1991 मध्ये 30 कोटी डॉलरना विकले गेले, पण त्या उद्यानाला त्यातलं काही मिळालं नाही. आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा लाभातला वाटा द्यायला सांगतो. नमुन्याच्या बाटलीवर जागेचं नाव नीट लिहिणं ही त्याची पहिली पायरी आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना ते पुसट अक्षरात लिहू देत नाही.

मला काळजी आहे ती गोड्या पाण्याची आणि गावातून उतरणाऱ्या सांडपाण्याची. ते वाढलं तर खार पातळ होतो आणि खारातच जगणाऱ्यांची जागा जाते. म्हणून आता विकराआधी मी पीएच मोजते, दर वेळी त्याच चार ठिकाणी. यंदा मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना जाणार आहे. बाटल्या धुऊन ठेवल्यात.