बेटावरची बडीशेप उपटताना

गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या मार्चपर्यंत मी तीनदा सांताक्रूझ बेटावर जाऊन आले, बडीशेप उपटायला. सांताक्रूझ म्हणजे मुंबईतलं नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर, व्हेंचुराच्या बंदरातून होडीने तासा-दीड तासावर असलेलं हे सुमारे २५० चौरस किलोमीटरचं बेट आहे.

होडीत चढण्याआधीच पहिला धडा मिळाला. बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, लेस सोडवून बघायच्या, मोज्यांत आणि पिशवीच्या शिवणीत एखादं कुसळ किंवा बी अडकलेलं नाही ना, ते तपासायचं. मला बोट लागते, म्हणून मी बडीशेपेची डबी सोबत घेतली होती. आमच्या गटप्रमुख बाईंनी ती हातात घेतली, उघडून वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "ही मात्र किनाऱ्यावरच ठेवा. हीच काढायला आपण निघालोय." मी डबी गाडीत ठेवून आले.

प्रिझनर्स हार्बरला उतरून आत चालत गेलो, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्यापेक्षा उंच बडीशेप. शेपूसारखी बारीक पानं, वाळलेल्या पिवळट छत्र्या, आणि हात लागेल तिथे जेवणानंतरचा तो ओळखीचा वास. इतका सुगंध आणि त्याखाली दुसरं जवळजवळ काहीच उगवलेलं नाही. हे बघून मला फार वाईट वाटलं.

ही मूळची भूमध्य समुद्राकाठची वनस्पती. बेटावर ती बरीच वर्षं होती, पण मेंढ्या आणि गुरं तिला डोकं वर काढू देत नव्हती. मेंढ्यांनी बेट पार उजाड केलं होतं, म्हणून १९८०च्या दशकात सुमारे ३७ हजार मेंढ्या काढल्या गेल्या. १९८८च्या सुमारास गुरंही गेली. मग दुष्काळ संपून पाऊस आला आणि बडीशेप माळच्या माळ व्यापत सुटली. मेंढ्या काढणं चूक होतं असं मला अजिबात वाटत नाही. पण चरणारं जनावर गेल्यावर सगळ्यात आधी कोण उठणार, हे जमिनीत कोणाचं बी तयार आहे त्यावर ठरतं.

त्या दाट रानात रानडुकरांना लपायला जागा मिळाली. डुकरांच्या पिल्लांमुळे सोनेरी गरुड बेटावर टिकले. मासे खाणारे पांढऱ्या डोक्याचे गरुड डीडीटीमुळे आधीच नाहीसे झाले होते, त्यामुळे सोनेरी गरुडांना हुसकावणारंही कोणी नव्हतं. त्या गरुडांनी मग मांजराएवढे बेटकोल्हे उचलायला सुरुवात केली. एकेकाळी हजाराच्या वर असलेले कोल्हे शंभराच्या खाली आले. सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर सोडले, कोल्ह्यांची पिंजऱ्यांत पैदास केली, आणि २००५-०६ मध्ये पाच हजारांवर डुकरं मारली, तेव्हा कुठे कोल्हे सावरले. २०१६ मध्ये त्यांचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून निघालं. दुपारी डबा खाताना एक कोल्हा दहा पावलांवर येऊन बसला, तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

कामाचं सांगते. आधी छत्र्या कात्रीने कापून पिशवीत घालायच्या, हलक्या हाताने, नाहीतर बी तिथेच सांडतं. मग दांडे छाटायचे. मग कुदळ. बडीशेपेचं सोटमूळ खोल जातं आणि त्याच्या माथ्याशी जाड गड्डा असतो. तो निघाला नाही, तर केलेली मेहनत वाया. ऑक्टोबरात जमीन दगडासारखी होती. चार झुडपांनंतर माझे खांदे भरून आले आणि पुढची काही मी जमिनीलगत तोडून सोडून दिली. जानेवारीत परत गेले, तर नेमक्या त्याच खुंटांना हिरवेगार धुमारे फुटलेले. बाकीची जागा रिकामी होती. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. पाऊस झाला होता, माती भुसभुशीत होती. सगळे खुंट पुन्हा खणून काढले. मोठाल्या पट्ट्यांत तणनाशक वापरतात, पण ते काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं, स्वयंसेवकांचं नाही.

एका दांड्यावर हिरवी, काळ्या पट्ट्यांची सुरेख अळी दिसली आणि माझा हात थांबला. ते तिथल्याच एका फुलपाखराचं पिल्लू. गाजराच्या कुळातल्या मूळ रानझाडांवर वाढणाऱ्या या फुलपाखराने बडीशेपही आपलीशी केली आहे. तो दांडा आम्ही तसाच ठेवला, फक्त छत्र्या काढल्या. मूळ मात्र पुढच्या खेपेला काढावंच लागलं.

खरं कठीण काम उपटल्यानंतर सुरू होतं. १९९०च्या दशकात या बेटावर आग आणि तणनाशक वापरून मोठे प्रयोग झाले. बडीशेप हटली, पण तिच्या जागी बरंचसं परकं गवतच पसरलं. मूळ झाडं आपोआप परतली नाहीत. म्हणून जानेवारीत आम्ही उपटलेल्या जागी बेटावरच्याच बियांपासून केलेली रोपं लावली. मला उपटण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं वाटतं, आणि त्यालाच माणसं कमी पडतात.

घरी अंगणातही माझं बडीशेपेचं एक झुडूप होतं. तेही काढलं. फोनवर आई कळवळली, "अगं, घरची बडीशेप कशाला उपटलीस?" मी तिला अंगणामागचा ओढा सांगितला. पावसाच्या पाण्याबरोबर बी कुठवर जातं, तेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं, मग मी इथून पाठवते."

मार्चमध्ये आमच्या तुकड्यात जुन्या बियांची अकरा पिल्लं उगवली होती, केसांसारखी बारीक. ओल्या मातीतून ती दोन बोटांनी अलगद निघाली. लावलेल्या रोपांपैकी बहुतेक उभी होती. पुढची फेरी नोव्हेंबरात आहे.