शिफ्टचं बटण माझ्याकडे होतं

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांसमोर उभी राहिली ती संगणकाची खोली. ओढलेले पडदे, ओळीने मांडलेले जाडजूड मॉनिटर आणि काळ्या पडद्यावर उघडझाप करणारी ती छोटी रेघ. एका संगणकावर दोघे, असा नियम होता. मी आणि माझा बाकमित्र आठवी ते दहावी एकाच संगणकावर बसलो. गेमिंगचं वेड मला तिथे लागलं आणि पंचेचाळिशी ओलांडली तरी ते तसंच आहे.

सरांचा शिरस्ता ठरलेला होता. आधी बेसिक या संगणकाच्या भाषेतला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा, मग उरलेला वेळ खेळायला मोकळा. त्या उरलेल्या मिनिटांपायी आम्ही फॉर-नेक्स्टचा लूप, म्हणजे तेच काम पुनःपुन्हा करून घेणाऱ्या आज्ञा, असा घोटला होता की झोपेतही लिहिला असता. प्रोग्रॅम चालला की दोघांपैकी कोणीतरी घाईघाईने ‘प्रिन्स’ टाइप करून एंटर मारायचा.

प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने बनवला आणि 1989 साली तो ॲपल टू या संगणकावर आला. तळघरात कोंडलेला राजपुत्र, वर मनोऱ्यात राजकन्या आणि हातात फक्त साठ मिनिटं. तोपर्यंत पाहिलेल्या खेळांतली माणसं ठोकळ्यांसारखी सरकायची. हा राजपुत्र मात्र धावता धावता थांबायचा तेव्हा त्याचा तोल जायचा आणि उडी चुकली की बोटांनी कठडा धरून लोंबकळायचा. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून त्यातून राजपुत्र घडवला, हे मला फार उशिरा कळलं. पण हा खरा माणूस आहे हे तेव्हाही जाणवत होतं.

कीबोर्ड एक आणि आम्ही दोघे, म्हणून वाटणी केली. बाण त्याचे, शिफ्ट माझं. वाटणीत मला कमी आलं असं वाटेल, पण ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना शिफ्टची किंमत माहीत असेल. कठडा धरायचा तर शिफ्ट, तलवारीचा वार करायचा तर शिफ्ट, सावकाश एकेक पाऊल टाकायचं तरी शिफ्टच. जमिनीतून सुळे वर येत, त्यांत धावत गेलं की खेळ खलास. शिफ्ट दाबून पाऊल पाऊल गेलं तर त्याच सुळ्यांमधून अंगाला ओरखडा न लागता पलीकडे जाता येई. माझा मित्र उतावळा. तो उडी घ्यायचा आणि हवेत असतानाच ओरडायचा, “धर!” मी धरायचो. कधी क्षणभर उशीर व्हायचा, राजपुत्र खाली आपटायचा आणि आम्ही दोघेही न बोलता पुन्हा सुरुवात करायचो. एवढ्या विश्वासाने दुसऱ्याच्या बोटावर विसंबणं त्यानंतर मला फार थोड्या ठिकाणी अनुभवायला मिळालं.

तिसऱ्या पातळीपासून पुढे खेळ साठवता येत असे, पण आमच्यानंतर बसणाऱ्या जोडीने आपला खेळ साठवला की आमचा पुसला जायचा. त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानांवर नकाशे काढत, पुनःपुन्हा पहिल्यापासून वर चढत आम्ही चौथी पातळी गाठली. बाहेरचा दरवाजा उघडला आणि परतीच्या वाटेवर मघाशी नसलेला एक आरसा उभा दिसला. वाट अडलेली. बऱ्याच खटपटीनंतर मित्राने लांबून धाव घेऊन सरळ आरशातच उडी टाकली. राजपुत्र पलीकडे गेला, त्याच्यात प्राण जेमतेम एका घोटापुरता उरला आणि आरशातून उलट दिशेला एक सावली पळत सुटली. हुबेहूब त्याच्यासारखी, पण नुसत्या कडांची, थरथरणारी.

सर मागे उभे होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते वाकून म्हणाले, “या सावलीसाठी त्याने पुन्हा सगळी चित्रं काढली असतील का रे?” आम्ही गप्प. “मलाही माहीत नाही. कळलं की सांग.”

शिक्षकाने ‘मलाही माहीत नाही’ म्हणावं, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवसापासून मला कुठलाच खेळ नुसता खेळता आला नाही. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात का धावतात? कारण काढायची चित्रं कमी झाली की प्रोसेसरचा भार हलका होतो. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच, रंग तेवढा वेगळा, कारण खेळ ज्यात साठवलेला असे त्या कार्ट्रिजमध्ये जागाच नव्हती. अशा गोष्टी वाचल्या की मला अजूनही उठून कोणाला तरी सांगाव्याशा वाटतात.

बाराव्या पातळीवर ती सावली पुन्हा समोर आली, तलवार उपसून. आम्ही वार केला की राजपुत्रच घायाळ व्हायचा. दहावीचे शेवटचे तास त्यातच गेले. मग एके दिवशी मित्राने खालचा बाण दाबला, तलवार म्यान झाली, सावलीनेही आपली म्यान केली. मी शिफ्टवरून बोट उचललं. राजपुत्र चालत गेला आणि दोघे एक झाले.

2012 साली मेकनरच्या वडिलांना कपाटात या खेळाच्या मूळ फ्लॉपी सापडल्या. त्यांतला सोर्स कोड, म्हणजे खेळाचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, मेकनरने सर्वांसाठी खुला केला, तेव्हा मी तो रात्र जागून उघडला. असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा, समजायला कष्ट पडले. त्याच्याबद्दल मेकनरने सांगितलेलंही वाचलं आणि उत्तर मिळालं. मेमरी संपत आली होती, नव्या पात्राला जागा नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचंच चित्र घेतलं, एका बिंदूने सरकवून त्याच चित्रावर ठेवलं आणि दोन्हींवर एक्सऑर ही क्रिया केली. जिथे दोन्ही चित्रं सारखी तिथले बिंदू विझतात, जिथे वेगळी तिथले पेटतात. म्हणून आतला भाग नाहीसा होतो आणि थरथरत्या कडा तेवढ्या राहतात.

म्हणजे नाही सर, पुन्हा एकही चित्र काढलं नव्हतं.

हा मजकूर पाठवण्याआधी मी सरांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. थोडा वेळ शांतता. मग पलीकडून आवाज आला, “आणि शेवटी ते दोघे एक होतात, ते कसं लिहिलंय?”

बाकमित्राला लगेच कळवलं. या रविवारी आम्ही दोघे ती फाईल उघडून बसणार आहोत.